तापाच्या बाई

सुमतीबाई आमच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या ओसरीच्या भिंतीचा ताप पाहिला.

ताप पाहिला म्हणजे खरोखरच पाहिला. लेकराच्या कपाळाला लावतो तसा उलटा हात भिंतीला लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हिच्या अंगात कणकण हाय." मग कडुलिंबाचं खोड झालं, विहिरीचा कठडा झाला, न्हाणीवरचा पत्रा झाला. पत्र्याला हात लावला तेव्हा मात्र "अगं आई गं" म्हणाल्या. शेवटी आमची म्हैस. म्हैस तेवढी ठणठणीत निघाली.

मी तेव्हा नवी नवरी. दाराआडून बघत होते. मनात म्हटलं, ही बाई काही ठिकाणावर नाही. ठिकाणावर मीसुद्धा नव्हते, पण ते मला कळायला नातवंडं व्हावी लागली. जालन्यात भर बाजारात वाढलेली मी, बारावी पास. वडील म्हणाले, वडीगोद्रीकडचं स्थळ आहे, मोसंबीची बाग आहे. मी 'बाग' या एकाच शब्दावर भाळले. बाग म्हणजे बाक असणार, कारंजं असणार, संध्याकाळी नवऱ्याबरोबर फिरायचं असणार. लग्नानंतर टाचेच्या सँडल घालून मी बाग बघायला गेले. झाडांना पाणी सोडलेलं होतं. एका झाडाच्या बुडाशी एक सँडल चिखलात गेली ती गेलीच. त्या झाडाची मोसंबी आजही चांबड्यासारखी जाड सालीची येतात, असं आमचे हे पाहुण्यांना सांगतात.

तर सुमतीबाई. आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आल्या. चाळिशीच्या अलीकडच्या, सडपातळ, पांढऱ्या पातळाची हौस, आणि मागंपुढं कोणी नाही. लग्न झालं होतं का, याच्या गावात तीन कथा होत्या आणि तिन्ही वेगवेगळ्या बायकांना पक्क्या माहीत होत्या. बाईंना विचारलं की त्या म्हणत, "तुम्हाला कोणती आवडती? तीच खरी." गावानं त्यांचं नाव 'तापाच्या बाई' ठेवलं. त्यातला अर्धा अर्थ भिंतीच्या तापाचा आणि अर्धा डोक्याच्या.

कारण बाईंना एकच ध्यास. पृथ्वी तापून राह्यली. आज नातवाच्या पुस्तकात यावर आख्खा धडा आहे, चित्रासकट. तेव्हा असलं कोणी बोललं की लोक आधी त्याला सावलीत बसवायचे आणि मग पाणी द्यायचे. बाई मात्र टपालानं येणारी कसलीकसली मासिकं वाचायच्या आणि भेटेल त्याला सांगायच्या. दळणाच्या गिरणीत सांगायच्या, यष्टीत सांगायच्या, बारशाला पाळणा थांबवून सांगायच्या.

एकदा आमचे हे म्हणाले, "बाई, एखाद-दीड डिग्रीनं काय होतंय? आपल्याकडं उन्हाळ्यात न्हाई तरी चुलीत बसल्यागतच राह्यतो आपण."

बाई म्हणाल्या, "नामदेवराव, तुमच्या अंगात दीड डिग्री वाढली की तुम्ही शेतात जाता का वाकळ घेऊन कण्हत पडता?"

हे पडण्यातले.

बाईंचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "राग येगळा, स्वभाव येगळा." हे त्यांनी पहिल्यांदा मला शिकवलं, तेही चुलीपुढं. मी विचारलं होतं, हवा आणि हवामान यात फरक काय. परीक्षेत मार्कांसाठी पाठ केलेला फरक परीक्षा हॉलच्या दारातच सांडला होता.

बाई हळूच म्हणाल्या, "तुझ्या सासूबाई आज तुझ्यावर ओरडल्या?"

"हो."

"ती हवा. रोज ओरडतात?"

"रोज."

"ते हवामान. एका दिवसाच्या रागावरून माणूस ठरवू नये. पण वर्षानुवर्षं बघितलं की स्वभाव कळतो. अन् स्वभाव बदलाया लागला ना विमल, तर घर हलतं."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलीकडं जात्यापाशी होत्या. त्या म्हणाल्या, "काय चाल्लंय गं?" मी म्हटलं, "हवामान शिकून राह्यले, आत्याबाई."

शिकले म्हणजे माझ्या पद्धतीनं. बाई म्हणाल्या होत्या की हवेत कार्बन वाढून राह्यलाय, त्यानं ताप चढतोय. मला एकच कार्बन माहीत होता. तलाठ्याच्या कचेरीतला, दोन कागदांच्या मधे घालायचा निळा. मी पाणवठ्यावर जाऊन मोठ्या अधिकारानं सांगितलं की सरकारी कचेऱ्यांत निळा कागद फार वापरतात म्हणून उन्हाळा वाढलाय. ग्रामसेवकाच्या बायकोनं घरी जाऊन नवऱ्याचे सगळे कार्बन चुलीत घातले. त्या दिवशी बाई कपाळाला हात लावून बसल्या. तो हात ताप बघण्याचा नव्हता.

मग त्यांनी भाकरीवर आणलं. आत्याबाईंच्या पुढ्यातली भाकरीची दुरडी ओढली आणि म्हणाल्या, "ही पृथ्वी. हिच्यावर फडकं नसतं तर काय झालं असतं?"

"कडक. दगड," आत्याबाई म्हणाल्या. भाकरीतलं त्यांना सगळं कळायचं.

"बराबर. एक फडकं पाह्यजेच, म्हणून ऊब राह्यती, म्हणून आपण हाओत. हवेतला वायू म्हंजी ते फडकं. पण आता कोळसा जाळून, डिझेल जाळून माणूस फडक्यावर फडकं टाकून राह्यला. चार फडकी घातली तर?"

"घाम सुटंल भाकरीला. वास मारंल."

"तेच चाल्लंय."

आत्याबाईंनी जरा विचार केला. "आमच्या चुलीचंबी फडकंच का?"

"तुमची चूल म्हंजी त्या मोठमोठ्या धुराड्यांपुढं उदबत्ती. फडकी टाकणारे दुसरे, अन् घाम सुटून राह्यला आपल्या भाकरीला. चूल बंद करायचीच तर ती तुमच्या डोळ्यांसाठी."

त्या दिवसापासून आत्याबाईंनी बाईंना रोज तांब्याभर ताक पाठवायला सुरुवात केली. आमच्या घरात हा फार मोठा मान. मला स्वतःला तो लग्नानंतर पुष्कळ उशिरा मिळाला.

ते ताक बंद पडलं पापडांच्या दिवशी.

चैत्रात आमच्या अंगणात पापड-कुरडयांचं काम निघालं होतं. गल्लीतल्या सासवा एका बाजूला, सुना एका बाजूला. ऊन असं की पापड लाटून टाकला की वाळलाच. बायका खूश. बाई शाळेतून आल्या आणि म्हणाल्या, "पापडावर खूश होऊ नका. पावसाचं बघा."

आता आमच्याकडं मघा नक्षत्रातल्या पावसाला सासूचा पाऊस म्हणतात आणि त्याच्या मागून येणाऱ्या पूर्वाच्या पावसाला सुनेचा पाऊस. कोणाचा जास्त पडला यावर दरवर्षी थट्टा चालायची. थट्टाच, पण म्हाताऱ्या ती विसरत नसत. बाईंना वाटलं, बायकांना त्यांच्याच भाषेत सांगावं. त्या म्हणाल्या, "पाऊस तेवढाच पडला तरी पडायची रीत बदलून राह्यली. आधी सासू रोज थोडं थोडं पडायची, जिरायची. आता सासू गप झाली. मधी नुसता कोरडा खंड. अन् मंग सून येती ती एकदम आदळआपट करत, अन् रानातली माती घेऊन जाती."

समोरच्या घरच्या चंद्राकाकू म्हणाल्या, "म्हंजी सासवा आटल्या म्हणती का मास्तरीणबाई?"

"काकू, मी पावसाचं सांगून राह्यले."

"पावसाचं नाव घेऊनच सांगून राह्यली की! अन् सुना माती घेऊन जात्यात? माझी सून तर वाटण्या करून घेऊन गेली!"

तिकडून एक सून फिस्सकन हसली. बाई सावरायला लागल्या होत्या, पण मी बारावी पास होते ना. मी मोठ्यांदा म्हटलं, "काकू, हे विज्ञानानंच सिद्ध झालंय."

आत्याबाईंचं लाटणं थांबलं.

त्या साली उरलेल्या सगळ्या कुरडया मी एकटीनं घातल्या. बाईंचं ताक बंद झालं. आत्याबाई त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हशीशी बोलायच्या, "खा गं बाई. तू बी सासूच हाईस. आटशील एखाद्या दिवशी."

असं बरंच चाललं. माझी दोन लेकरं झाली, बाईंच्या केसांत पांढरं दिसू लागलं, पण ताक काही सुरू झालं नाही. आणि मग एका साली सासूनंही तोंड फिरवलं आणि सुनेनंही. मघाही कोरड्या, पूर्वाही कोरड्या. हस्तातला हत्तीचा पाऊस नुसता गडगडून गेला. दिवाळी झाली आणि विहिरीनं तळ दाखवला.

ही बाग म्हणजे आत्याबाईंचा जीव होता. मामंजी लवकर गेले. पदरात पोरगा, आणि त्यांनी डोक्यावरून हंडे वाहून ही झाडं वाढवलेली. पुरुषमाणसं म्हणाली होती, बाईच्या हातानं बाग होत नसती. तेव्हापासून त्या सकाळी उठून आधी बागेत जात, मग देवाला. फाल्गुनात पानं वळून काड्यांसारखी झाली. शेजारच्या रानांत कुऱ्हाडी चालू लागल्या. यांनीही एक दिवस जेवताना म्हटलं, "आई, तोडून टाकू. जळण तर होईल." आत्याबाई ताट सारून उठल्या. त्यानंतर त्यांचं जेवणच कमी झालं. मला बागेपेक्षा त्यांची भीती वाटू लागली.

मी बाईंकडं गेले. म्हटलं, "हेच का ते तुमचं? पृथ्वीचा ताप?"

बाई कधी सोयीचं उत्तर द्यायच्या नाहीत. म्हणाल्या, "एका सालावरून सांगता येत न्हाई, विमल. हा राग हाय का स्वभाव, ते मागाहून कळंल. पण तयारी स्वभावाची ठेवावी." आणि पदर खोचून बागेत आल्या. झाडांच्या बुंध्याला हात लावला. त्या दिवशी ताप वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

उपाय त्यांच्याकडं होता. फळं सगळी तोडून टाकायची. फांद्या हलक्या करायच्या. बुडाशी उसाचं पाचट, तुरीचा भुसा, मिळेल ते अंथरायचं, म्हणजे ओल उडत नाही. आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी मडकी पुरायची. मडक्याच्या तळाला बारीक भोक, भोकात चिंधीची वात. वरून पाणी भरून झाकण ठेवायचं. थेंब थेंब मुळाशी. बैलगाडीतून पिंपानं आणलेल्या पाण्यात एवढं भागेल. "सगळी वाचतील असं म्हणत न्हाई मी," त्या म्हणाल्या. "पण बाग राहील."

आत्याबाई लांब उभ्या होत्या. मडक्याला भोक, एवढंच त्यांनी ऐकलं आणि पांढऱ्या पडल्या.

वाचकांना सांगायला नको. भोक पाडलेलं मडकं आपल्याकडं एकाच ठिकाणी लागतं. सरणाभोवती पोरगा ते खांद्यावर घेऊन फिरतो, धार गळत राहते, आणि शेवटी मागच्या मागं टाकून देतो.

"माझ्या बागेचं मढं उचलायलीस का?" आत्याबाई म्हणाल्या. पापडांनंतर बाईंशी थेट बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

यांनी आईला न सांगता कुंभाराला मडकी सांगितली. कुंभारानं आधी टोपी काढून विचारलं, "कोण गेलं?" मडकी देतो, पण भोक मी पाडणार नाही, असं तो बजावून म्हणाला. काळ्या मडक्यांनी भरलेली बैलगाडी भर दुपारी गावातून निघाली. लोक दुकानांतून उठून उभे राहिले. एवढी मडकी म्हणजे कोणी साधंसुधं गेलेलं नाही, अशी बातमी आमच्या घराच्या नावानं यष्टीत बसली आणि आष्टीला उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आष्टीचे मामा, म्हणजे आत्याबाईंचे सख्खे भाऊ, फाटकातूनच हंबरडा फोडत आले. "माझी बहीण गेली रे! भेट न्हाई झाली रे!"

आत्याबाई शेणाचे हात घेऊन गोठ्यातून बाहेर आल्या. "कुठं गेली? हितंच तर हाय. च्या घेतो का?"

मामांनी बहिणीला बघून दुसरा हंबरडा फोडला. पहिल्यापेक्षा मोठा. मी पदर तोंडात कोंबून स्वैपाकघरात पळाले. बाई मागच्या दारातून म्हणाल्या, "मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात, आत्याबाई." पण आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांना वाटलं, अपशकुन झाला. माझं नाही तर बागेचं मरण.

मडकी बागेत कडुलिंबाखाली उतरवली होती. आणि कोणी हात लावेना. सालगडी म्हणाला, घरी म्हातारी हाय. मी सवाशीण, दोन लेकरांची आई. माझं सगळं बारावीचं विज्ञान त्या मडक्यांपुढं पाण्यात गेलं. यांनी खिळा उचलला, आईकडं बघितलं आणि खाली ठेवला. आई जिवंत असताना पोरानं मडक्याला भोक कसं पाडायचं?

बाई पुढं झाल्या. खाली मांडी घातली, एक मडकं मांडीवर उपडं घेतलं, खिळा लावला आणि दगडानं हळू हळू टिचायला लागल्या. वर्गात बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "मी पाडते. माझ्या हातचं भोक कोणालाच लागायचं न्हाई. मला ना मागं कोणी, ना पुढं. मी मेले तर मडकं धरायलाबी शाळेतून वर्गणी काढून माणूस आणावा लागंल. हेडमास्तर पावती मागतील."

सालगडी हसला. मीही हसले. बाईंच्या बोलण्यावर हसायची सवय होती. त्यांनी एक मडकं बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता कोणी हसत नाही. इतकी वर्षं ही बाई आमच्या भिंतीपलीकडं राहत होती. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या खोलीला कधी कुलूप लागलेलं मी पाहिलं नव्हतं. जायला गाव असतं तर लागलं असतं.

आत्याबाई लांब उभ्या होत्या त्या चालत आल्या. बाईंच्या शेजारी टेकल्या आणि एक मडकं ओढलं.

"खिळा आण इकडं."

"आई!" हे ओरडले.

"तू गप रे नाम्या. माझी झाडं हाईत. जल्लमभर पाणी पाजलं, आता भोक पाडायला मी न्हाई तर कोण?" मग बाईंकडं न बघता, मडक्याकडं बघत म्हणाल्या, "अन् तुला काय गं, मागं कोणी न्हाई म्हणून राह्यलीस? ह्यो एवढा घोडा काय लाकडाचा हाय का? माझं धरील तसं तुझंबी धरील."

बाईंचा दगड जोरात पडला. मडक्याच्या मांडीतच दोन ठिकऱ्या झाल्या.

"फुटलं," बाई म्हणाल्या. भिंतीपासून म्हशीपर्यंत ज्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीवर बोलणं होतं, त्यांना तेवढंच सुचलं.

"फुटू दे," आत्याबाई म्हणाल्या. "खापर बुडाला अंथर. तेबी ओल धरतं."

दोघींनी मिळून ती सगळी मडकी टिचली. आम्ही पुरली, पाचट पसरलं, पाणी वाहिलं. बाग राहिली. सगळी नाही. मधल्या दोन ओळी गेल्या, त्या जागी आता सीताफळं आहेत. पण आमची लेकरं त्या बागेवर शिकली, त्यांची लग्नं त्या बागेवर झाली. पुढं अशी कोरडी सालं पुन्हा आली, आणि ती पहिल्यापेक्षा लवकर लवकर आली. तो राग नव्हता, स्वभावच होता, हे आता गावात सगळ्यांना कळलंय. आजूबाजूच्या रानांत लोक न विचारता पाचट अंथरतात, विहिरीत पावसाचं पाणी मुरवतात, आणि कुंभाराला कोणी गेलं का असं विचारावं लागत नाही. आत्याबाई देवाघरी गेल्या त्या आपल्या बागेतली मोसंबी खाऊन. हे सगळं मी कुणाच्या उपकारानं लिहू शकते, ते मला ठाऊक आहे. देवापुढं हात जोडते तेव्हा मधे एक नाव घेते. देव समजून घेतो.

पण सांगायचं राहिलं ते मडक्यांच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी आत्याबाई चुलीपुढं ताक घुसळत होत्या. तांब्या भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तिला दे. सासूचं हाय म्हणावं, आटल्यालं न्हाई." मी निघाले तर बाई आमच्याच ओसरीपाशी उभ्या. शाळेला निघालेल्या, हातात पिशवी. हे खाटेवर बसून चहा पीत होते.

बाई म्हणाल्या, "नामदेवा."

इतकी वर्षं त्या यांना नामदेवराव म्हणत आल्या होत्या.

"काल आत्याबाई बोलल्या ते... गंमत म्हणून बोलल्या का खरंच?"

यांना पटकन कळेना. मग कळलं. कप खाली ठेवला, उभे राहिले, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे. म्हणाले, "खरंच, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या. वळल्या, फाटकापर्यंत गेल्या. तिथं थांबून डोळ्यांवर पदर फिरवला आणि परत आमच्याकडं तोंड केलं.

"पण मला घाई न्हाई हं."